रेघेखालची पुळण

सायकल उघाडीपाशी ठेवली, कुलूप न लावता.
पुढे बांध. बांधाकडेला तिवरांची मुळं
हजेरी द्यायला बोटं वर करून उभी.
डाव्या हाताला खाजणाचं पाणी,
घोट्याइतकं, कालच्या चहासारखं,
त्यात तीन शेकाट्या
आपापल्या काटकुळ्या पायांना जपत.

आणि बांध वळतो तिथे
वाळू.

करावे गावाच्या मागे वाळू आहे
हे मला माहीत असायला हवं होतं.
हा किनारा मीच काढला होता,
सत्त्याऐंशी साली, बेलापूरच्या ऑफिसात,
ट्रेसिंग पेपरला घाम लागू न देता.
एकास दहा हजार.
शून्य-आठचं पेन.
गद्रेसाहेब खांद्यामागून म्हणाले होते,
"टिपणीस, किनारा जाड घ्या,
प्रिंटमध्ये उठला पाहिजे."
मी जाड घेतला.

आज पावलांनी मोजलं,
खाडीच्या पाण्यापासून खाजणाच्या पाण्यापर्यंत.
तेरा पावलं. माझी पावलं आता आखूड पडतात,
तेव्हा धरा आठ मीटर.
पेनाच्या टोकाला दहा हजारांनी गुणा.

म्हणजे ही अख्खी पुळण
इतकी वर्षं माझ्या शाईखाली होती.
रेघेच्या अलीकडे सेक्टर, पलीकडे पाणी,
आणि रेघेची निविदा निघत नाही.

वाळू म्हणजे तरी काय, शिंपल्यांचा भुगा.
पायाखाली कुरकुरतो.
खेकड्यांनी रात्रभर गोळ्या वळून
बिळाभोवती मांडून ठेवल्यात, कुणाच्या ऑर्डरी आहेत कोण जाणे.
डाव्या पायाची एक चप्पल, तिच्यावर कालवं धरलेली.
एवढंच. बाकी वारा,
आणि पलीकडे उलव्याची टेकडी कापून नेली तिथलं
सपाट आभाळ.

मी एकटा नव्हतो.
बामीबाय उकिडवी बसून
मोडक्या कोयत्यानं शिवल्या उकरत होती.
"कं सोदताव?"
काय शोधत होतो ते मलाच ठरवता येईना.
म्हटलं, हिला नाव काय?
"ही? धाकली पुलन."
मग थोरली?
तिनं कोयता उचलला
आणि मान न वळवताच मागे दाखवला,
बावीस मजली टॉवरांकडे, त्यांच्या पायाकडे.
"तिच्यावर आमचं होरकं सुकायचं."

तिथला पिवळा रंग मीच भरला होता.
निवासी. ब्रश एकाच दिशेनं,
कडा सुकण्याआधी दुसरा हात.
एक डाग पडला नव्हता.
साहेबांनी चहा मागवला होता त्या दिवशी.

मग मी तिला सांगितलं. पेनाचं, जाड रेघेचं,
दहा हजारांचं. हातवारे करून,
वाळूत काडीनं काढूनसुद्धा.
ती नीट ऐकत होती.
शेवटी म्हणाली,
"मंग आजून जराशी जार कारायची व्हती.
आमची थोरली पन मावली असती."

रागानं नाही. हिशेब सांगावा तसं.
आणि पुन्हा उकरायला लागली.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ब्लेड होतं तेव्हा,
चूक झाली की खरवडायला;
हळू, एकाच जागी, कागद फाटेपर्यंत नाही.
मी भरतीची वाट बघत बसलो.
"आज अष्टमी," ती म्हणाली, "भांगाचं पानी.
येल आरामात. इथवर नाय येत."
आलं ते खरंच बेतानं,
काडीच्या नकाशाच्या चार बोटं अलीकडे थांबलं.
तो मी पायानं पुसला.

निघताना तिनं ओंजळभर शिवल्या दिल्या,
पैसे घेतले, वीस रुपये परत केले.
रुमालाच्या गाठीतून हँडलवर थेंब, करावे ते नेरूळ.

नलूनं त्या मिठाच्या पाण्यात टाकल्या,
वाळू सोडू देत म्हणाली.
रात्री उठलो तर पातेल्यात
टिच् टिच् चाललं होतं.
दिवा लावला. तळाशी, एका कडेला,
वाळूची रेघ जमत होती. बारीक.
शून्य-दोनची असेल.
वाकून बघत राहिलो,
ती आणखी किती जाड होते ते.